क्रुसावरची ती चार अक्षरं: आय एन आर आय म्हणजे नेमकं काय?

सायकलस्वार_डोंबोली

मंडळी, प्रश्न साधा आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

गेल्या रविवारी भाच्याला (वय ११) घेऊन वसईला गेलो होतो, किल्ला बघून झाला, ऊन मी म्हणत होतं म्हणून आतल्या रस्त्याने सावली शोधत निघालो तर एका नाक्यावर पांढराशुभ्र रंगवलेला क्रूस, गळ्यात झेंडूची माळ, पायाशी वितळून थिजलेलं मेण. वर डोक्याशी छोटी पाटी आणि त्यावर काळ्या रंगात चार इंग्रजी अक्षरं, आय एन आर आय. भाचा मोठ्याने वाचतो, "आय... एनआरआय! मामा, परदेशातल्या कुणी बांधलाय का हा?" मी मामाच्या इभ्रतीला शोभेल असं "हो, असेल" म्हणून मोकळा झालो. समोरच्या ओट्यावर एक आजी गवार निवडत बसल्या होत्या, त्या इतक्या हसल्या की मांडीवरची गवार खाली सांडली. मग म्हणाल्या, "बाळा, तो त्याचा गुन्हा लिहिलाय."

घरी येऊन गूगल केलं, लॅटिन आहे म्हणे, येझुस नाझारेनुस रेक्स युदेओरुम, म्हणजे नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. ठीक. पण आजींचा तो 'गुन्हा' काही डोक्यातून जाईना. राजा असणं हा गुन्हा कसा? आणि मारणाऱ्यांनीच लावलेली पाटी असेल तर भक्त लोक तिला हार कशाला घालतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटमीठ

"आय, एनआरआय" :हहपुवा: भाच्याला माझ्याकडून एक कुल्फी.

अर्धाचहा

वाचतोय. (म्हणजे पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

कुपारी_पोरगा

वसईकर हजर आहे. आजी शंभर टक्के बरोबर.

ही पाटी योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) १९व्या अध्यायात येते. पिलात नावाचा रोमन सुभेदार होता त्याने लिहून लावली, इब्री (म्हणजे हिब्रू), लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. मुख्य याजकांना ते अजिबात आवडलं नाही, ते जाऊन म्हणाले की 'यहुद्यांचा राजा' असं लिहू नका, 'मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला' असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. विषय संपला.

आमच्याकडे शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं, ते दरवर्षी योहानाचंच असतं, आणि भाग वाटून देतात, एक जण निवेदक, फादर ख्रिस्त, बाकी आवाज कुणीतरी. मी कॉलेजात असताना लागोपाठ तीन वर्षं पिलात होतो (आवाज फुटका म्हणून बहुतेक). त्या वाक्याला आमचे फादर तालमीत नेहमी अडवायचे. पहिल्या वर्षी मी ते चिडून वाचलं, ते म्हणाले, चिडायचं कशाला, साहेब आहे तो, फाइल बंद करतोय. दुसऱ्या वर्षी कंटाळून वाचलं, ते त्यांना आवडलं. अजून शुक्रवारी दुसरं कुणी ते वाचत असलं की माझे ओठ हलतात.

गूगलबुवा

तीन भाषांत म्हणजे पिलात आपला रेल्वेवाला निघाला की. मराठी, हिंदी, इंग्रजी. फक्त समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची राहिली.

अर्धाचहा

@गूगलबुवा आणि भाषेच्या क्रमावरून तेव्हाही राडा झाला असेल बघा.

शिलालेखवेडा

गंमत बाजूला ठेवली तरी स्टेशनची तुलना तशी चुकीची नाही. ज्याला जी वाचता येते ती. इब्री म्हणजे बहुधा तिथली बोलीभाषा अरामी, गावच्या लोकांसाठी. ग्रीक ही त्या सगळ्या पूर्वेकडच्या भागाची बाजारातली भाषा, सणाला बाहेरून आलेल्यांना समजणारी. लॅटिन सरकारी. आणि योहान जागाही सांगतो, शहराला लागूनच होती म्हणून बऱ्याच लोकांनी ती वाचली. म्हणजे पाटी येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणूनच होती.

आता मूळ प्रश्न. गुन्हेगाराच्या गळ्यात किंवा पुढे पाटी चालवायची ही रोमन लोकांची जुनी खोड. लॅटिन शब्द तितुलुस, योहानाने ग्रीकमध्येही तोच उचललाय. काही उदाहरणं देतो, कारण ती भन्नाट आहेत:

रोमन लेखक सुएतोनियस सम्राट कालिगुलाच्या चरित्रात सांगतो, एका मेजवानीत गुलामाने पलंगावरची चांदीची पट्टी चोरली, तर त्याचे हात तोडून त्याच्याच गळ्यात बांधले आणि पुढे गुन्ह्याची पाटी देऊन जेवणाऱ्यांच्या पंगतीतून फिरवला. सम्राट ऑगस्टसच्या काळातला एक किस्सा इतिहासकार दिओ कासियसने दिलाय, मालकाच्या पोराशी दगा केलेल्या गुलामाला पोराच्या बापाने कारण लिहिलेली पाटी देऊन भर फोरममधून नेलं आणि मग क्रुसावर चढवलं. आणि सम्राट दोमिशियनच्या वेळी एका प्रेक्षकाने ग्लॅडिएटरच्या खेळात असं काही म्हटलं की आमचा गडी समोरच्या गड्याला भारी आहे पण खेळ भरवणाऱ्याला नाही (म्हणजे मॅच फिक्स आहे हो!), त्याला तिथूनच ओढून मैदानात कुत्र्यांपुढे टाकला, पाटी लावली, 'ढालवाल्यांचा पाठीराखा, वाईटसाईट बोलला'.

आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायचे त्यातलाच प्रकार. शिक्षा एकाला, धडा गावाला.

तिखटमीठ

बापरे, म्हणजे अंपायरला शिव्या देणाऱ्या आमच्या अख्ख्या चाळीचा तितुलुस झाला असता.

नास्तिक_नाना

एक शंका. चार शुभवर्तमानं आहेत ना, चारांत पाटी वेगवेगळी आहे. मार्क: 'यहुद्यांचा राजा'. लूक: 'हा यहुद्यांचा राजा'. मत्तय: 'हा येशू, यहुद्यांचा राजा'. नाझरेथ फक्त योहानात. एका पाटीवरचे चार शब्द जर चौघांना धड लिहिता येत नाहीत तर बाकीच्या गोष्टींचं काय घेऊन बसलात? मला तर वाटतं पाटीबिटी काही नव्हती, नंतर घातलेली आहे.

वकीलीणबाई

नाना, रोज कोर्टात बसते म्हणून सांगते, चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलले तर मला आधी शंका येते की पढवून आणलेत. इथे चौघांत 'यहुद्यांचा राजा' हे पक्कं आहे, बाकी मागचंपुढचं हललंय. आणि सगळ्यात जुना मार्क मानतात, त्याची पाटी सगळ्यात आखूड.

दुसरं म्हणजे, नंतरच्या ख्रिस्ती माणसाने मनाने पाटी बनवली असती तर त्याने हे शब्द वापरलेच नसते. देवाचा पुत्र, तारणारा, ख्रिस्त, असं काहीतरी लिहिलं असतं. 'यहुद्यांचा राजा' असं त्याचे शिष्य त्याला कुठेच म्हणत नाहीत. हा पोलिसी शब्द आहे. म्हणून तर अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना या पाटीचा मजकूर विश्वासार्ह वाटतो, श्रद्धाळू नसलेल्यांनाही.

नास्तिक_नाना

"पोलिसी शब्द" हे आवडलं. मुद्दा अर्धा मान्य. अर्धाच.

कुपारी_पोरगा

वकीलीणबाईंना जोडून. हे मी बायबल वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थक्क झालो होतो, नव्या करारात (बायबलचा येशूनंतरचा भाग) 'यहुद्यांचा राजा' असं म्हणणारे सगळे परके आहेत. लहानपणी शोधत आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, मग पिलात, मग चाबूक मारणारे शिपाई. तिथले स्वतःचे लोक काय म्हणायचे? 'इस्राएलचा राजा'. मार्कातच बघा, क्रुसाखाली याजक टिंगल करतात ती 'इस्राएलचा राजा' म्हणून. आणि त्यांच्या वर टांगलेल्या पाटीवर 'यहुद्यांचा राजा'. एकाच पानावर दोन्ही. म्हणजे पाटीवरचे शब्द बाहेरच्या सरकारचे आहेत हे शब्दावरूनच कळतं.

सायकलस्वार_डोंबोली

मस्त चाललंय. पण वकीलीणबाई, राजा असणं हा गुन्हा कसा हे अजून राहिलंच.

वकीलीणबाई

येते तिकडेच, आत्ता जेवण झालं.

त्या मुलखात राजा कुणी व्हायचं हे रोम ठरवायचं. हेरोदाला राजा ही पदवी रोमच्या सेनेटने दिली, इ.स.पू. ४० मध्ये. तो इ.स.पू. ४ मध्ये मेला तेव्हा ऑगस्टसने त्याच्या पोरांत राज्य वाटलं पण राजा ही पदवी एकालाही दिली नाही, कुणी एथनार्क, कुणी टेट्रार्क, आपल्याकडच्या भाषेत देशमुख-सरदेशमुख समजा. त्यातला एक अंतिपास, गालीलचा, म्हणजे येशूच्याच गावाकडचा, तो पुढे कालिगुलाकडे मलाही राजा करा म्हणून गेला तर होतं तेही गेलं आणि गॉलला हद्दपार झाला. खुद्द हेरोदाच्या मुलाची ही गत.

हेरोद मेला तेव्हा त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे जागोजाग लोकांनी स्वतःला राजे म्हणवून घेतलं. हेरोदाचा एक जुना गुलाम सिमोन, एक धिप्पाड मेंढपाळ अथ्रोंगेस, आणि सेफोरिस शहरात यहुदा नावाचा एक, त्याने तर शस्त्रागारच लुटलं. सेफोरिस नाझरेथपासून दीड तास चालत. सीरियाचा सुभेदार वारुस फौज घेऊन आला आणि त्याने सुमारे २००० लोक क्रुसावर चढवले. ही गोष्ट नाझरेथात कुणी विसरलं असेल असं वाटत नाही.

इ.स. ६ पासून यहूदिया (जेरुसलेमचा प्रांत) थेट रोमच्या कारभाराखाली. तिथे 'मी राजा' म्हणजे 'तुमचा सीझर माझा राजा नाही'. राजद्रोह. त्यामुळे 'यहुद्यांचा राजा' ही पदवी नाही, ते कलम आहे. फलाण्या कलमाखाली शिक्षा, असं वाचायचं. येशूच्या दोन्ही बाजूंना जे चढवले त्यांना आपण 'दोन चोर' म्हणतो, ग्रीक शब्द लेस्तेस आहे आणि जोसेफस तो दरोडेखोर, बंडखोर अशा लोकांसाठी वापरतो. पाकीटमाराला कोण क्रुसावर चढवतं हो.

म्हणून आजी बरोबर.

मोडीतली_लक्ष्मी

वकीलीणबाईंना दंडवत. पण मला हे सगळं इतकं कोरडं सरकारी वाटत नाही. कलम असेल तर 'राजद्रोही' लिहा, 'राजा होऊ पाहणारा' लिहा. सरळ 'राजा' काय? आधी शिपायांनी जांभळं वस्त्र घातलं, काट्यांचा मुकुट, हातात वेत, मग 'राजाचा जयजयकार' म्हणत थोबाडीत मारल्या. पाटी त्याच नाटकातली शेवटची वस्तू आहे. टिंगल आहे ती. आणि टिंगल एकट्या येशूची नाही, सगळ्या यहुद्यांची, की बघा तुमचे राजे कसे असतात आणि आम्ही त्यांचं काय करतो. याजक उगाच धावत गेले का पिलाताकडे?

आणि त्यांनी काय मागितलं बघा. मला तर हे मराठीतच नीट कळतं. त्यांना फक्त एक शब्द वाढवून हवा होता. 'म्हणे'. 'यहुद्यांचा राजा' नको, 'यहुद्यांचा राजा म्हणे' करा. एवढ्या एका 'म्हणे'साठी सगळा झगडा. पिलाताने 'म्हणे' दिला नाही.

तिखटमीठ

लक्ष्मीताई, टोपी काढली. 'म्हणे' :टाळ्या:

शिलालेखवेडा

जबरी. अनुमोदन.

शुद्धलेखनाचा किडा म्हणून एक जोडतो, ग्रीकमध्ये पिलाताच्या वाक्यात तेच क्रियापद दोनदा येतं, गेग्राफा गेग्राफा. हा काळ असा की काम पूर्ण झालंय आणि त्याचा परिणाम अजून टिकून आहे. लॅटिन बायबलात क्वोद स्क्रिप्सी स्क्रिप्सी. मराठीला यात काही शिकवायची गरज नाही, झालं ते झालं, गेलं ते गेलं, लिहिलं ते लिहिलं.

सुप्रभात_काका

नमस्कार. या विषयावर एक अतिशय दुर्मिळ माहिती. हिब्रूत ही पाटी येशुआ हानोत्स्री वुमेलेख हायेहुदीम अशी होते. चारही शब्दांची पहिली अक्षरं घ्या. योद, हे, वाव, हे. म्हणजे साक्षात यहोवा देवाचं नाव!! म्हणूनच याजक घाबरून धावत गेले!! विचार करा!! कृपया पुढे पाठवा.

नास्तिक_नाना

काका, पुढे नाही, मागे पाठवतो.

मोडीतली_लक्ष्मी

काका, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दर गुड फ्रायडेला येतं हे. गडबड त्या 'वु'मध्ये आहे. वु म्हणजे 'आणि'. 'नाझरेथचा येशू आणि यहुद्यांचा राजा' असं होतं ते, जणू दोन माणसं आहेत. योहानाच्या ग्रीकमध्ये तिथे 'आणि' आहे, पण तो हिब्रूत हौसेने मध्ये ठेवलाच पाहिजे असं नाही, 'राजा' सरळ 'मेलेख' किंवा 'हामेलेख' होईल. हवं ते अक्षर मिळेपर्यंत शब्द फिरवत राहिलं की काहीही जुळतं. शिवाय मूळ इब्री मजकूर कुणाकडे नाहीच, योहानाने ग्रीकमध्येच दिलाय. आणि याजकांची तक्रार योहान स्पष्ट सांगतो, आद्याक्षरांची नाही, 'म्हणे'ची आहे.

कुपारी_पोरगा

लक्ष्मीताई बाकी सगळं मान्य, पण ग्रीकमध्ये 'आणि' नाहीये ना? इयेसूस हो नाझोरायोस हो बासिलेउस... असं आहे, म्हणजे 'येशू, तो नाझरेथचा, तो राजा'.

मोडीतली_लक्ष्मी

अरेच्चा, बरोबर. मी आठवणीतून ठोकलं. तो 'हो' म्हणजे इंग्रजीतला 'द'. चूक माझी, पण मग काकांचा 'वु' आणखीच उघडा पडला.

सुप्रभात_काका

ठीक आहे. शुभ रात्री.

अर्धाचहा

काकांची शुभ रात्री पहिल्यांदा इतकी खिन्न वाटली.

म्युनिकची_मावशी

उशिरा आले पण वस्तू दाखवते :)

पाच-सहा वर्षांपूर्वी रोमला गेलो होतो तेव्हा सांता क्रोचे इन जेरुसलेम्मे नावाच्या चर्चमध्ये 'खरी पाटी' ठेवलीय म्हणून मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. काचेत ठेवलेला अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा, साधारण २५ सेंटिमीटर बाय १४, म्हणजे वहीएवढा, एका बाजूने कुरतडल्यासारखा. तीन ओळी. वरची इब्री जवळजवळ गेलेली, नुसत्या शेपट्या उरल्यात. मग ग्रीक, मग लॅटिन. मी लॅटिन वाचायला गेले तर काही लागेना, मग नवरा म्हणाला उलटं वाच. ग्रीक आणि लॅटिनसुद्धा उजवीकडून डावीकडे कोरलंय, इब्रीसारखं! आणि मजकूर 'नाझारिनुस रे' इथे तुटतो. रेक्समधला 'क्स' लाकडाबरोबर गेला.

ही १४९२ मध्ये त्या चर्चच्या दुरुस्तीत भिंतीत सापडली. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिने जेरुसलेमहून आणली अशी श्रद्धा. पण २००२ मध्ये रेडिओकार्बन चाचणीचा निकाल छापून आला त्यात लाकूड इ.स. ९८० ते ११४६ या दरम्यानचं निघालं. म्हणजे मूळ नव्हे. काही जण अजून म्हणतात की ही हरवलेल्या मूळ पाटीची नक्कल असेल, उलट्या अक्षरांसकट. असेल बाई. मला त्या उलट्या अक्षरांनी मात्र धरून ठेवलं, कुणीतरी समोर काहीतरी ठेवून ते बघत बघत कोरतंय असं वाटत होतं.

नास्तिक_नाना

९८० ते ११४६. मावशी, धन्यवाद, माझा उरलेला अर्धा मुद्दा परत मिळाला.

शिलालेखवेडा

नाना, रोमच्या फळीचं वय काढून मूळ घटनेची पाटी होती की नव्हती हे कसं ठरणार? उद्या तुमच्या घरात शिवाजी महाराजांची बनावट तलवार निघाली म्हणून महाराज नव्हते असं म्हणाल का.

बाकी जेरुसलेममध्ये 'पाटी' म्हणून काहीतरी चौथ्या शतकात दाखवत होते हे नक्की. एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई ३८० नंतरच्या वर्षांत तिथे गेली होती, तिने लिहून ठेवलंय, शुभ शुक्रवारी टेबलावर क्रुसाचं लाकूड आणि पाटी ठेवतात, लोक एकेक करून वाकून कपाळ लावतात, मुका घेतात, हात मात्र लावायचा नाही, आणि दोन्हीकडे डीकन (चर्चचे सेवक) पहारा देत उभे. का? तर म्हणे एकदा कुणीतरी मुका घेता घेता लाकडाचा दातांनी लचका तोडून पळवला होता.

तिखटमीठ

पंढरपूरच्या बडव्यांना हे सांगायला हवं होतं.

संपादक

विषय चांगला चाललाय, देवस्थानांच्या व्यवस्थापनावर वेगळा धागा काढा.

मांडवीकाठचा

गोंयकार बोलतंय. आमच्याकडे क्रुसाला खुरीस म्हणतात, वाटेवाटेवर, माडाखाली, शेताच्या बांधाला, पांढरे खुरीस आणि वर ही चार अक्षरं. लहानपणी मला वाटायचं तो येशूचा शॉर्टफॉर्म आहे.

आजीच्या घरी देव्हाऱ्यासारखी लाकडी कपाटं असतात ना, ओराटोरी, त्यात काळ्या लाकडाचा क्रूस होता. त्याच्या डोक्याची पितळी पट्टी, नखाएवढी, गुंडाळी सोडल्यासारखा आकार, दोन खिळे, त्यातला एक पडलेला. पट्टी अशी तिरकी लोंबायची की 'आर' वर आणि 'आय' खाली. वडील दर ख्रिसमसला साफसफाई करताना ती सरळ करायचे आणि पोंग्याच्या गुडघे टेकण्याआधी ती परत तिरकी. आजी म्हणायची राहू दे, तशीही ती सरळ मनाने लावलेली नव्हती. तेव्हा मला ते विनोद वाटायचं. आज धागा वाचून कळलं ती काय बोलत होती.

अवांतर: ही सगळी गोष्ट मराठीत ओवीबद्ध केलेली आहे, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने, १६१६ साली आमच्या राशोलला छापली. चारशे वर्षं झाली.

गूगलबुवा

"पोंग्याच्या गुडघे टेकण्याआधी" म्हणजे?

मांडवीकाठचा

टायपो हो, "पाहुण्याने गुडघे टेकण्याआधी". फोन मराठी शिकतोय.

म्युनिकची_मावशी

सगळीकडे आय एन आर आय नसतं हेही सांगून ठेवते. इथे आमच्या घराजवळ ग्रीक चर्च आहे, त्यांच्या क्रुसावर आय एन बी आय असतं, कारण राजाला ग्रीकमध्ये बासिलेउस. आणि कधी कधी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांच्या चित्रांत मजकूरच बदललेला असतो, 'गौरवाचा राजा'. रशियन क्रुसाला वर जी आखूड आडवी पट्टी असते ना, ती म्हणजे ही पाटीच.

मोडीतली_लक्ष्मी

बघा! म्हणजे त्यांनी पिलाताची पाटी काढून आपली लावली. आणि पश्चिमेकडच्यांनी पिलाताचीच ठेवली, अक्षर न बदलता. मूळ प्रश्न होता ना की भक्त या पाटीला हार का घालतात. मला वाटतं योहानालाच ती गंमत दिसलीय. त्याच्या मते पिलाताने टिंगल म्हणून जे लिहिलं ते खरं होतं, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तीन भाषांचा उल्लेखही म्हणूनच, की बघा, जाहीरनामा सगळ्या जगाच्या भाषांत निघाला, तोही सरकारी खर्चाने.

नास्तिक_नाना

हे योहानाचं म्हणणं झालं. माझ्या लेखी तो एक माणूस होता, त्याला सरकारने हालहाल करून मारला आणि वर कलम चिकटवलं. पण टिंगलीची पाटी उचलून मिरवायची हे मला आवडतं, हे कबूल.

वकीलीणबाई

फक्त एक सांगते, कारण याजक धावत गेले वगैरे वर आलंय. या प्रसंगावरून 'यहुद्यांनी मारला' असं म्हणत युरोपात शेकडो वर्षं यहुद्यांचे जीव घेतले गेले. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लेखी सांगितलं की हा दोष तेव्हाच्या सगळ्या किंवा आताच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. पाटीवर सही कुणाची आहे ते बघा. क्रूस ही रोमन शिक्षा, पाटी रोमन, हुकूम रोमन.

शिलालेखवेडा

सहीवरून आठवलं. या पिलाताचं नाव दगडावर मिळालेलं आहे. १९६१ मध्ये इस्रायलमधल्या कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात इटालियन उत्खननात एक दगड निघाला, त्यावर तुटकं लॅटिन, '...तियुस पिलातुस, यहूदियाचा प्रीफेक्ट' (म्हणजे सुभेदार). सम्राट तिबेरियसच्या नावाच्या कुठल्याशा इमारतीचा लेख. गंमत म्हणजे नंतरच्या कुणीतरी तो दगड उचलून जिन्याच्या पायरीला लावला होता. आपल्याकडे गावोगाव शिलालेखावर धुणं धुतात तसंच. ज्या माणसाचं 'लिहिलं ते लिहिलं', त्याच्या लिहिलेल्यावरून लोक चपला घालून वरखाली करत होते.

तिखटमीठ

या धाग्याने माझी लोकल दोनदा चुकवली.

सायकलस्वार_डोंबोली

सगळ्यांचे आभार. भाच्याला फोनवर सांगितलं सगळं, सेफोरिस आणि कुत्र्यांसकट (कुत्र्यांचा भाग त्याने परत सांगायला लावला). तो म्हणतो "मग मामा, मी एनआरआय म्हणालो तेव्हा आजी चिडल्या का नाहीत?" म्हटलं पुढच्या वेळी तूच विचार.

@कुपारी_पोरगा, त्या आजींना शोधायचंय. किल्ल्याकडून आत आलं की विहीर लागते, पुढे डावीकडे वळलं की क्रूस, समोर निळा ओटा.

कुपारी_पोरगा

थांबा थांबा. पाटीवर अक्षरांमध्ये टिंबं होती का?

सायकलस्वार_डोंबोली

फोटो बघून सांगतो... हो, आय टिंब, एन टिंब, आर टिंब. शेवटच्या आयपुढे नाहीये.

कुपारी_पोरगा

मग ती माझ्या काकाने रंगवलीय आणि आजी म्हणजे त्याच्या सासूबाई. एक टिंब राहिलंय हे आख्खी आळी त्याला दर मे महिन्यात सांगते. तो शिडीवरून उतरलेला असतो, ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणतो, लिहिलं ते लिहिलं.

या रविवारी भाच्याला घेऊन. फुगे (आमच्याकडचे तळलेले पिठाचे गोळे, हवेचे नव्हेत) खायला घालतो.